भिंगरीची एकशे साठ कार्डं

भिंगरीचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. सव्वाचारला नाही. ती पाच मिनिटं तिला लागायची. दोन्ही खिडक्या सताड उघडायच्या, गॅसचा खटका खालून बंद करायचा आणि तो खरंच बंद आहे का हे पुन्हा वाकून बघायचं. मग ती ओट्याखालून स्पिरिटची बाटली काढायची.

साडेपाचला बाटली बंद. त्यानंतर पंधरा मिनिटं खोलीत नुसता वारा. पावणेसहाला गॅस, चहा, सासऱ्यांसाठी मऊ भात. सातला छापखाना. स्पिरिट आणि विस्तव एका खोलीत एकदम नांदत नाहीत, आणि तिच्याकडे ओटा एकच होता. तोच स्वयंपाकाचा, तोच रंगाचा. दिवसाच्या चोवीस तासांतली पंचाहत्तर मिनिटं ओटा तिचा. त्यात ती सहा कार्डं काढायची. हात चालला तर सात.

भिंगरी हे नाव तिला छापखान्यातल्या कटिंगवाल्या काकांनी दिलं होतं. घडीच्या टेबलावर ती दिवसाला तीन हजार घड्या घालायची आणि तासाला चार वेळा उठायची. पाणी आण, कागद उचल, दुसऱ्याच्या टेबलावरचा गठ्ठा सरळ कर. काका कटरच्या पात्याआडून ओरडायचे, "अगं, बूड टेक की जरा! खुर्चीला काटे आहेत का?" ती म्हणायची, "खुर्चीला नाहीत, मला आहेत." नवरा दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचा आणि चार महिन्यांनी घरी यायचा. त्यालाही बायकोचं हे नाव फोनवरून कळलं आणि पटलं.

कार्डांचं खूळ छापखान्यातच डोक्यात शिरलं. लेबलांसाठी तिथे एक प्लॅस्टिकचा कागद यायचा. फाटत नाही, पाणी पीत नाही. एका रद्द तावावर कुणीतरी जाड मार्करने नंबर टाकला होता. मशिनवाल्याने रोलर पुसायचं स्पिरिट त्यावर सांडलं. नंबर विरघळला, पसरला आणि कडेला गडद रेघ सोडून वाळला. निळ्या पाकळीसारखं काहीतरी झालं. सगळे स्पिरिट पुसायला धावले. भिंगरी तो ताव उचलून उजेडात धरून उभी राहिली. काकांच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी ती प्रथमच पूर्ण दोन मिनिटं हलली नाही.

मग तिने मार्कर भरायच्या शाईच्या बाटल्या आणल्या. निळी, लाल, हिरवी, काळी. मालकांना विचारून प्लॅस्टिकच्या कागदाची कातरण घरी नेली. हातमोजे घातले. काम असं. कागदावर स्पिरिटचे सात-आठ थेंब. त्यात शाईचा एक. एक श्वास थांबायचं. मग रबरी फुंकणीने त्या थेंबाच्या मागे लागायचं, त्याला पळवायचं, वळवायचं, दुसऱ्या रंगावर नेऊन आपटायचं. वीस सेकंदांत स्पिरिट उडून जातं आणि जे असेल ते कायमचं. नाही आवडलं तर पुसा आणि नव्याने. दमट हवेत शाईला पांढरे फोड येतात, फुंकणी जास्त दाबली तर चिखल होतो. तिला हे काम मानवलं. वीस सेकंदांच्या कामाला बूड टेकावं लागत नाही.

ते रंगीत तुकडे ती जाड कागदाच्या घडीवर चिकटवायची. घडी मात्र अशी, की छापखान्याने पाहत राहावं. कागदाचा दोरा, म्हणजे तंतू, कुठल्या बाजूने धावतो हे बोटाने वाकवून बघायचं, त्याच बाजूने हाडाच्या पट्टीने रेघ दाबायची, मगच मोडायचं. तिची कार्डं ओठ मिटल्यासारखी बंद व्हायची. कोपऱ्यावरचा वह्या-पेन विकणारा ती ठेवून घेत असे, आणि आठवड्याला दहा-बारा जात.

घरात एक माणूस मात्र त्या कार्डांकडे बघतही नव्हता. सासरे.

सासरे पेंटर. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. बाजारातली निम्मी दुकानं त्यांच्या अक्षरात उघडायची आणि त्यांच्या अक्षरात बंद व्हायची. छापील फ्लेक्स आले, ब्रश खोक्यात गेले. ते त्यांनी सोसलं. बोलायला तोंड होतं. कोपऱ्यावरच्या बाकावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, कुठल्या फ्लेक्सवर कुठलं अक्षर लंगडं आहे ते. मग हिरड्या सुजल्या. उरलेले नऊ दात डॉक्टरांनी दोन खेपांत काढले. पहिल्यांदा बाकावर गेले तेव्हा बोलताना नुसती हवा निघाली. कुणीतरी हसलं. वाईट मनाने नाही, पण हसलं. पेंटर उठून घरी आले आणि त्यांनी तोंडाला कुलूप घातलं.

त्याला पाच महिने झाले होते. काही सांगायचं झालं तर ते खडूने दाराच्या आतल्या बाजूवर लिहायचे. अक्षर असं, की पुसताना भिंगरीचा हात अडायचा.

एका सकाळी दारावर होतं: "रंग लावायचा असतो. सांडायचा नसतो."

"मग तुम्ही लावा ना, आबा!" ती म्हणाली. "मी सांडते, तुम्ही लावा. दोघं मिळून दुकान काढू."

पेंटरांनी पाठ फिरवली. ही शांतता तिला सोसेना. छापखान्यात दिवसभर खडखडाट. घरी यावं तर चमच्याचा आवाजसुद्धा मोजून. पूर्वी ती म्हाताऱ्याच्या बडबडीला कंटाळून भांडी आपटायची. आता ती भांडी आपटायची ती काहीतरी वाजावं म्हणून.

नवऱ्याने फोनवर विचारलं, "आबा काय म्हणतात?"

"म्हणत नाहीत, लिहितात. त्यांना कवळी बसवायचीय."

"मग कवळी कशाला? न बोलणाऱ्याला दात म्हणजे..."

"ते न बोलणारे नाहीत," भिंगरी म्हणाली. "ते गप्प बसलेत. फरक कळतो का तुला?"

त्याला कळला असावा. त्याने पैसे पाठवले, पण त्यात दात काढण्याचं बिल फिटलं, कवळीचं नाही.

म्हणून इस्पितळाच्या मेट्रनबाई छापखान्यात तिला शोधत आल्या तेव्हा भिंगरी जागची अर्धा फूट उडाली. मेट्रनबाईंनी कोपऱ्यावरून एक कार्ड घेतलं होतं. त्यांना तसली एकशे साठ हवी होती. बरं होऊन घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला एक, आत वॉर्डातल्या सिस्टरांच्या सह्या. आधी चाळीस, मग उरलेली. अर्धे पैसे आगाऊ. त्या पैशांतून त्याच संध्याकाळी पेंटरांच्या हिरड्यांचं माप गेलं. कवळी बनवणाऱ्याने सांगितलं, बाकीचे आणा आणि घेऊन जा.

"दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत," काका म्हणाले. "तुझ्याकडे दोन्ही यायला लागलं की गं!"

"दृष्ट लावू नका. अजून एकशे वीस चणे भाजायचेत."

चाळीस कार्डं तिने सात पहाटेंत काढली. बुधवारी पोचवली. गुरुवारी दुपारी मेट्रनबाईंचा निरोप आला: लगेच या.

वॉर्डाच्या टेबलावर कार्डं पसरली होती. भिंगरीने एक उचललं, मग दुसरं. प्रत्येक कार्डावर पांढरे डाग. एक अंगठ्याएवढा, चार बोटांएवढे. रंग तिथून उठून भलतीकडे गेला होता. एका सिस्टरचे अंगठे निळे होते. दुसरीने उशीचा अभ्रा दाखवला, त्यावर हिरवी पाच बोटं.

"काय झालं हे?" भिंगरीने विचारलं.

मेट्रनबाईंनी भिंतीवरची बाटली दाबली, हातावर द्रव घेतला, हात चोळले आणि एक कार्ड उचललं. ठेवलं तेव्हा त्यावर त्यांचा अंगठा उमटला होता.

हात धुवायचं औषध म्हणजे स्पिरिटच. इस्पितळात प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक बाटली, प्रत्येक दारावर एक. इथे दर दहा मिनिटांनी प्रत्येकाचा हात स्पिरिटने ओला. भिंगरीने विस्तव सांभाळला होता, वाफ सांभाळली होती, उन्हाने रंग उडतो म्हणून कार्डं काळ्या पिशवीतून आणली होती. ज्या गोष्टीने तिचा रंग विरघळतो, त्याच गोष्टीने अख्खं इस्पितळ हात धुतं, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. सगळ्या शहरात या कार्डांना चुकीची जागा एकच होती, आणि तिथे ती स्वतःच्या पायांनी पोचवून आली होती.

"ताई, सुंदर आहेत," मेट्रनबाई म्हणाल्या. "म्हणून तर राग येतोय. पण पेशंटच्या हाताला रंग लागलेला मला चालणार नाही. आता मी काय करू?"

"सोमवारपर्यंत थांबा."

"सोमवारी वॉर्डातले पंधरा जण घरी जाणार आहेत. सोमवारी सकाळी नऊला सगळी एकशे साठ हवीत. नाहीतर मला आगाऊ परत मागावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

आगाऊ तर साच्यात ओतून झालं होतं. भिंगरी म्हणाली, "वाईट वाटायला वेळ नाही. ती औषधाची एक बाटली देता का मला?"

शुक्रवारी पहाटे तिने आधी वार्निश केलं. फवाऱ्याचा डबा हातभर अंतरावरून मारला. जवळून मारला तर शाई वार्निशच्या आतच पळाली. लांबून मारला तर थर बसला, पण वाळल्यावर इस्पितळाचं औषध लावून बोट फिरवलं की थर चिकट व्हायचा आणि दहाव्या फेरीला रंग वर यायचा. तिने दहा फेऱ्या मोजल्या होत्या. सिस्टरांचे हात दिवसात शंभर वेळा लागतात. वार्निश बाद.

छापखान्यात तिने काकांना गाठलं. "काका, पारदर्शक थर चढवायच्या मशिनमधून काढू का?"

"काढ. पण तुझा कागद प्लॅस्टिकचा आहे. ते मशिन गरम."

पहिलं कार्ड आत गेलं सपाट, बाहेर आलं वाळल्या पानासारखं वळलेलं. दुसरंही. तिसऱ्याला काकांनी खटका बंद केला.

"आता?"

"आता काय, विचार करते."

"बसून विचार कर."

"बसले की विचार थांबतो," भिंगरी म्हणाली आणि छापखान्याच्या आवारात सहा फेऱ्या मारून आली. विचारही फेऱ्याच मारत होता.

संध्याकाळी घरी आली तेव्हा वळलेली, डागाळलेली कार्डं ओट्यावर टाकली आणि बोलत सुटली. कुणी उत्तर देणार नाही हे माहीत असून बोलत सुटली. हात धुवायचं औषध, वार्निश, मशिन, सोमवार. फक्त कवळीचं नाव तिने घेतलं नाही. पेंटर खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी एक डागाळलेलं कार्ड उचललं, अंगठ्याच्या डागावर स्वतःचा अंगठा ठेवला. मग उठून खडू घेतला.

दारावर लिहिलं: "काचेवर आम्ही आतून लिहायचो."

"आबा, आत्ता कोडी नकोत हो!"

पेंटरांनी मान हलवली. त्यांनी दारावर एक चौकोन काढला, म्हणजे दुकानाची काच. चौकोनाच्या बाहेर एक हात. हाताने चौकोन पुसल्याची खूण केली. मग चौकोनाच्या पलीकडे बोट दाखवून, पाठमोरं, उलटं, उजवीकडून डावीकडे एक अक्षर काढलं.

भिंगरी बघत राहिली. बाहेरून गिऱ्हाईक काच पुसतं, दाबतं, नाक लावतं. अक्षराला काही होत नाही. अक्षर काचेच्या आतल्या अंगाला असतं.

"म्हणजे रंग आतून," ती म्हणाली. "वर पारदर्शक. हात लागेल तो पारदर्शकाला."

पेंटरांनी खडू खाली ठेवला. मास्तरांनी ठेवावा तसा.

वह्यांच्या वेष्टणाला लागणारी स्वच्छ प्लॅस्टिकची शीट छापखान्यात शंभराच्या पाकिटात यायची. एका शीटची दोन कार्डं. ती चपला न घालताच निघाली, परत येऊन घातल्या, छापखाना बंद व्हायच्या आत पाकीट मागून आणलं. पाकिटाचे पैसे पगारातून कापू, मालक म्हणाले. कापा म्हणाली. काकांनी जाता जाता कटर पुन्हा सुरू केलं आणि पाकीट दोन घावांत मापाचं करून दिलं. "माझ्या जेवणाला उशीर झाला," ते म्हणाले. "घरी काय सांगू?"

"सांगा, एका म्हाताऱ्याचे दात कापत होतो."

घरी गॅस बंद करून तिने एक तुकडा करून बघितला. आतल्या अंगावर शाई, मागे पांढरा जाड कागद, चारी कडांना अर्धा इंच कोरं आणि दुहेरी चिकटपट्टी, म्हणजे औषध कडेनेही शिरू नये. वरून औषध ओतलं आणि शंभर वेळा चोळलं. शंभर म्हणजे शंभर. रंग जागचा हलला नाही. उलट, पांढऱ्या कागदावर पारदर्शकातून तो अधिक उजळ दिसत होता.

ती वळून आनंदाने काही बोलणार, तर पेंटरांनी खोकं उघडलं होतं. खाटेखालचं, ब्रशांचं. त्यांनी एका ब्रशचे केस ओठांनी टोकदार केले, काळ्या तैलरंगाचा जुना डबा पेचकसाने उचकटला आणि पहिला कोरा तुकडा पुढ्यात ओढला.

"आबा, नको. नुसत्या रंगालाच वेळ पुरायचा नाही. आधी मी छापील 'शुभेच्छा' चिकटवत होते, तेच..."

त्यांनी दारापाशी जाऊन लिहिलं: "कोरी काच देत नाहीत." आणि खाली: "शुभेच्छा कसल्या? तो माणूस बरा झाला ना?"

मग ते बसले आणि पारदर्शक तुकड्याच्या आतल्या अंगाला, उलटं, दोन शब्द काढले. भिंगरीने तुकडा फिरवून वाचले. "आता घरी." एवढंच. खालच्या कोपऱ्यात, मधल्या बोटाएवढ्या जागेत.

भिंगरीने उरलेले तुकडे त्यांच्यापुढे सरकवले. एका तुकड्याला त्यांना दीड मिनिट लागत होतं. कित्येक वर्षं ब्रश न धरलेल्या हाताला. रात्री साडेनऊपर्यंत त्यांनी नव्वद केले. शनिवारी सकाळी ती छापखान्यात गेली, परत आली तोवर उरलेले सत्तर. पाठ सरळ व्हायला त्यांना भिंत धरावी लागली. तुकडे खाटेवर, खुर्चीवर, खिडकीच्या कट्ट्यावर, जमिनीवर ओळीने मांडले होते. चालायला वीतभर वाट.

दारावर लिहिलं होतं: "चोवीस तास वाळू दे. मगच मागे रंग." खाली दोन रेघा.

भिंगरीने घड्याळ बघितलं. दुपारचा दीड. कालच्या नव्वदांना सोळा तास झाले होते, चोवीस पुरे व्हायला रात्र होणार होती. हातावर हात ठेवून बसायचं म्हणजे काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. तिने घर झाडायला घेतलं, झाडायला जागा नव्हती. पडदे धुतले. घड्यांचे कागद मोजले, एकशे साठ होते, पुन्हा मोजले, एकशे साठच होते. हाडाच्या पट्टीने सगळ्या घड्या दाबून झाल्या. तीन वाजले. पेंटर भिंतीला टेकून झोपले होते. तिने कालच्या पहिल्या ओळीतल्या अक्षराला बोट लावलं. कोरडं. नखाने दाबलं. कोरडं.

तिने गॅसचा खटका बघितला, खिडक्या उघडल्या, ओळीतले अकरा तुकडे ओट्यावर मांडले आणि स्पिरिट टाकत गेली. थेंब, शाई, फुंकणी, पुढचा. हात सराईत, एकेक वीस सेकंद. अकराव्यावर फुंकणी ठेवली आणि पहिल्याकडे बघितलं. अक्षरांना सुरकुत्या पडल्या होत्या. वरून वाळलेला रंग आतून कच्चा होता. स्पिरिट त्यात शिरलं आणि "आता घरी" सापाच्या कातेसारखं सुटून तरंगत होतं. अकराही तसेच. मागे वळून बघण्याइतकी ती एकदाही थांबली नव्हती.

"थांब."

शब्द फुसका, हवेचा, अर्धा ओठांत अडकलेला. पण शब्द होता. पेंटर जागे होते.

भिंगरीचा हात हवेत राहिला. "आबा, माझंच चुकलं. तुम्ही लिहून ठेवलं होतं. मला धीर नाही, मला जन्मतःच..."

पेंटरांनी तिला ओलांडून नवे अकरा तुकडे घेतले. खाटेच्या कडेवर बसले आणि ब्रश उचलला. चिडले नाहीत. हसलेही नाहीत. अकरा गुणिले दीड मिनिट. ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून राहिली, कारण उठलं तर कशाला तरी हात लागला असता. साडेसोळा मिनिटं. ती बसून राहिलेली ही तिच्या आठवणीतली सगळ्यात लांब साडेसोळा मिनिटं.

रविवारी चार दहाला तिने सुरुवात केली. त्या दिवशी गॅस पेटलाच नाही. दोघांनी गार दुधात ब्रेड बुडवून खाल्ला. आधी शुक्रवारचे, मग शनिवारचे, उशिरा काढलेले अकरा सर्वांत शेवटी, संध्याकाळी. तुकडा घ्यायचा, स्पिरिट, शाई, फुंकणी, वाळवायचं, कड पुसायची, चार पट्ट्या, पांढरा कागद, घडी. एका कार्डाला तीन मिनिटं. मध्ये पाठीत कळ आली की दहा वेळा वाकायचं, पुन्हा उभं. आता घाईने करण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक अक्षराभोवती रंग नेताना तिला पहिल्यांदाच थेंबाला पळवायचं नव्हतं, अडवायचं होतं. अक्षराच्या पायथ्याशी निळा यावा आणि थांबावा. काही ठिकाणी थांबला, काही ठिकाणी नाही. दुपारनंतर पेंटर पट्ट्या कापून देऊ लागले. संध्याकाळी सहाला एकशे साठावं कार्ड बंद झालं. बोटं वाकेनात. तिने ती गार पाण्यात धरली.

सोमवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना ती वॉर्डात होती. मेट्रनबाईंनी एक कार्ड घेतलं, भिंतीवरची बाटली तीनदा दाबली आणि कार्ड असं चोळलं, जणू त्याच्यावर काही वैर आहे. मग पांढऱ्या कापडाने पुसलं. कापड पांढरंच. निळ्या अंगठ्याच्या सिस्टरने नखाने कड उचकटायचा प्रयत्न केला.

"अहो सिस्टर, पेशंट आहे का तो? सोडा की!" भिंगरी म्हणाली.

"खात्री करून घेते. माझा अंगठा कालपर्यंत निळा होता."

मेट्रनबाईंनी अक्षरं वाचली. "आता घरी." त्यांनी दुसरं कार्ड उचललं, तिसरं. "हे छापलंय?"

"हाताने. उलटं, आतून."

"एकशे साठ?"

"एकशे एकाहत्तर. अकरा माझ्या डोक्यावर फुटली."

त्यांनी उरलेले पैसे दिले. वॉर्डाच्या दारातून एक बाई हातात गाठोडं घेऊन निघाली होती. सिस्टरने तिला पहिलं कार्ड दिलं, तिने ते ओल्या हाताने घेतलं, छातीशी धरलं आणि गेली. भिंगरीने तिच्या झग्याकडे बघितलं. झग्यावर काही लागलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती पेंटरांना घेऊन कवळी बनवणाऱ्याकडे गेली. त्यांना आत नेलं, तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. ती बसली नाही. खोलीच्या लांबीत आठ पावलं होती. तिथे कागद भरणारी मुलगी म्हणाली, "बसा ना ताई." "बसते," ती म्हणाली आणि चालत राहिली. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग पाण्याचा आवाज. मग खाकरणं.

मग आवाज आला. घरघरीत, थोडा वाकडा, पण भरलेला.

"ओळ फार सरळ आहे हो."

"आजोबा, सरळच असते. छान दिसतात."

"छान? छापल्यासारखी दिसतात! फ्लेक्स लावलाय का तोंडात? माणसाचे दात हाताने लिहिल्यासारखे हवेत. हा बघा, हा इथला, वरचा, तो माझा जरा आत होता. तीस वर्षं सगळ्या बाजाराने बघितलाय. तो आत घ्या."

"अहो, असं कोणी मागत नाही."

"मी मागतोय! पैसे दिलेत ना? आणि खालचे, खालच्यांना उंची जास्त झालीय. स आला की शिट्टी वाजते. ऐका: सासू, सून, साखर. वाजली? मग?"

भिंगरी चालायची थांबली. कागद भरणाऱ्या मुलीने विचारलं, "तुमचे वडील का?"

"सासरे."

"फार बोलतात."

"हो," भिंगरी म्हणाली आणि बाकावर बसली.

आत तासभर वाद चालला. दोनदा घासणी फिरली, तीनदा माप तपासलं. तिला खाडकन उठून सांगावंसं वाटलं की आबा, पुरे, त्या माणसालाही घर आहे. ती उठली नाही. शेवटी ते बाहेर आले तेव्हा दिवे लागले होते. कवळी बनवणाऱ्याच्या कपाळावर घाम होता. पेंटरांनी रस्ताभर एकही पाटी सोडली नाही.

एकशे साठ कार्डांत अठ्ठावीस दात आले. त्यांतला एक मुद्दाम वाकडा.